थेंबाखालची जमीन

बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस बालाघाटाच्या माथ्यावर उगम पावून, लातूर-उस्मानाबादच्या काळ्या रानांतून आणि पुढे बिदरच्या मुलखातून वाट काढीत मांजरा नदी तेलंगणात जिथे पोहोचते, तिथे हैदराबाद संस्थानाने नवाब अली नवाज जंग या आपल्या नामांकित स्थापत्यविशारदाच्या हातून एक विस्तीर्ण धरण बांधविले आणि 1931 साली पुऱ्या झालेल्या त्या कामास निजामसागर असे नाव दिले. त्या जलाशयाची मूळ धारणशक्ती सुमारे 84 कोटी घनमीटर होती. परंतु अर्धे शतक लोटण्यापूर्वीच तिच्यापैकी निम्म्याहून अधिक जागा गाळाने बळकावली, आणि गेलेल्यातले थोडे तरी परत मिळावे म्हणून पुढे जलाशयाची पातळी वाढविण्याचा खटाटोप करावा लागला. निजामाबादच्या भातशेतीसाठी राखून ठेवलेल्या जागेत हे जे आगंतुक येऊन बसले होते, त्याची कोणी वंशावळ काढली असती, तर तिचा बराचसा भाग मराठवाड्यातील तलाठ्यांच्या दप्तरांतच सापडला असता. कारण तो गाळ म्हणजे कोणाच्या तरी नावे लागलेली, जिचा शेतसारा भरला जात होता अशी, पिकाऊ जमीनच होती.

धरण बांधताना तळाशी काही जागा गाळासाठी सोडतात व तिला मृत साठा म्हणतात, यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की गाळ शिस्तीने त्या नेमून दिलेल्या जागी जाऊन बसतो. प्रत्यक्षात नदीचे पाणी जलाशयाच्या शेपटाशी येऊन संथ झाले की जाड रेती तिथेच पडते व भिंतीपर्यंत केवळ बारीक चिकणमातीच पोहोचते; म्हणजे ज्या उपयुक्त साठ्याच्या भरवशावर कालव्याचे पाणी वाटायचे, त्याच्यावरच गाळाचा पहिला घाला पडतो.

देशभरातून अशी किती माती हलते याचा एक अंदाज देहरादूनच्या मृदासंधारण संस्थेतील ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी 1983 साली प्रसिद्ध केला. दरसाल सुमारे 533 कोटी टन, म्हणजे सरासरीने हेक्टरी 16 टनांहून थोडी अधिक, असा तो हिशेब होता. त्यातली 29 टक्के कायमची समुद्रास मिळते, 10 टक्के धरणांत साचते आणि उरलेली 61 टक्के माती उचलली जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी सखल जागी पडते, असेही त्यांनी मांडले होते. हा शेवटचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. गावाबाहेरही न जाता माती माथ्यावरच्या गरिबाच्या शेतातून निघून पांढरीलगतच्या किंवा ओढ्याकाठच्या सधन शेतात उतरते, आणि हे हस्तांतर कोणत्याही फेरफाराच्या नोंदीवाचून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले असते.

हेक्टरी 16 टन ही रक्कम ऐकण्यास मोठी वाटली तरी जमिनीवर ती दिसत नाही, आणि या विषयातली मुख्य अडचण तीच आहे. एक हेक्टर क्षेत्रावरून एक मिलिमीटर जाडीचा थर निघाला तर ती 10 घनमीटर, वजनाने सुमारे 13 टन माती होते. म्हणजे आपला सरासरी वार्षिक ऱ्हास सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. नांगरटीने, कुळवणीने, उन्हाच्या भेगांनी जमिनीची पातळी त्याच्या कित्येक पट वर-खाली होत असते, तेव्हा हा सव्वा मिलिमीटर कोणाच्या नजरेस येणार? परंतु ज्या रानात मुरमावर जेमतेम वीतभर माती आहे, तिथे एका शेतकऱ्याच्या कर्त्या वयातच त्या वितीतली बोटा-दोन बोटांची जाडी निघून जाते, आणि बेसाल्ट झिजून तेवढी माती नव्याने तयार व्हावयास शतकानुशतके लागतात.

या चोरीचा आरंभ वाहत्या पाण्याने होतो असेच दीर्घकाळ मानले जात होते. ओघळ दिसते, घळ दिसते, गढूळ ओढा दिसतो. साहजिकच दोष वाहणाऱ्याकडे गेला. 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेत एलिसन यांनी पावसाच्या थेंबाच्या आघातावर प्रयोग केले, तेव्हा कुठे असे नीट ध्यानात आले की पाणी वाहू लागण्यापूर्वीच निम्मे काम उरकलेले असते. पाच मिलिमीटर व्यासाचा वळवाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो, ढेकळाचे कण सुटे करतो आणि त्यांना दोन-दोन फूट वर उडवतो. कोकणात नव्याने चुना दिलेल्या घराच्या भिंतीला पहिल्या पावसानंतर जो तांबडा पट्टा उमटतो, तो याच उड्यांचा दाखला होय. सपाट जागी उडालेले कण चहूकडे सारखेच पडतात. उतारावर मात्र खालच्या अंगास पडणारे कण नेहमीच अधिक दूर जातात. शिवाय सुटे झालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसून वर एक पातळ घट्ट पापुद्रा तयार करतात, त्यामुळे खालची जमीन कोरडी असूनही पाणी मुरेनासे होते आणि मग ते वाहू लागते. हे वाहणे, म्हणजेच अपधाव, अपराधाचा आरंभ नव्हे. ती त्याची दुसरी पायरी आहे.

ज्यास हे पडताळून पाहावयाचे असेल त्याने जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या मोठ्या सरीनंतर एखाद्या नुकत्याच फोडलेल्या मुरमाड उतारावर जाऊन खाली बसावे. तिथे मातीचे बोटभर उंचीचे असंख्य खुंट उभे दिसतात आणि प्रत्येक खुंटाच्या माथ्यावर एकेक खडा, एखादी खापरी किंवा वाळकी काडी असते. जिथे थेंबास छत्र आडवे आले तेवढीच माती जागेवर राहिली, भोवतालची गेली. खुंटाची उंची पट्टीने मोजावी; त्या उतारावरून तेवढ्या जाडीचा थर निघून गेला असे खुशाल समजावे. दीड सेंटिमीटरचा खुंट म्हणजे हेक्टरी जवळजवळ 200 टन. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, आणि नखाएवढ्या खापरीने जे राखले ते खालच्या दगडी बांधास राखता आलेले नाही, हेही तिथेच दिसून येते.

तो खडा म्हणजे आच्छादन. या विषयाचे सारे सार त्यात सामावलेले आहे असे माझे मत असून, पुढचे सर्व विवेचन त्या मताच्या समर्थनार्थ आहे हे वाचकाने आधीच ओळखलेले बरे.

अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ या दोघांनी दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांची मोजमापे एकत्र करून मातीच्या ऱ्हासाचे जे समीकरण सिद्ध केले व 1965 आणि 1978 साली विस्ताराने प्रसिद्ध केले, ते आजही जगभर वापरले जाते. पावसाची मारकशक्ती, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराचा चढ, आच्छादन आणि बांधबंदिस्तीचे उपाय, अशा सहा गोष्टींचा तो साधा गुणाकार आहे. पहिल्या दोन आपल्या हाती नाहीत. उताराची लांबी बांध घालून तोडता येते, एवढेच. उरलेल्या दोहोंची तुलना मात्र डोळे उघडणारी आहे. समपातळीवर मशागत केली तर मध्यम उतारावर ऱ्हास साधारण निम्म्यावर येतो. उलट उघड्या जमिनीचा आच्छादन-अंक एक धरला, तर दाट गवताखालच्या जमिनीचा तो शतांशावर किंवा त्याहूनही खाली उतरतो. एका उपायाने निम्मे आणि दुसऱ्याने शंभरावा हिस्सा, असा हा फरक आहे.

आता आपल्या सोलापूर-नगरच्या रब्बी मुलखाकडे पाहावे. तिथे ज्वारीचा पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरात होतो. तोवर सबंध पावसाळाभर ती खोल काळी जमीन मोकळी ठेवून तण मारण्यासाठी आणि ओल मुरविण्यासाठी तिला कुळवाच्या पाळ्या देण्याची जुनी वहिवाट आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वहिवाट अडाणीपणाची मुळीच नाही, कारण खरिपाचा पाऊस त्या भागात बेभरवशाचा आणि परतीचा त्या मानाने खात्रीचा. पण परिणाम असा की ज्या तीन-चार महिन्यांत थेंब पडतात, नेमक्या त्याच महिन्यांत जमीन उघडी व भुसभुशीत असते. 1930 नंतरच्या दशकात सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात अपधाव आणि मातीचा ऱ्हास वाफ्यावाफ्यांनी मोजण्यास प्रारंभ झाला, आणि कोरडवाहू शेतीवरील आपला ग्रंथ 1944 साली सिद्ध करणाऱ्या ना. वि. कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञाने या प्रश्नास आपले आयुष्य दिले, ते त्या मुलखाची ही विचित्र कोंडी ओळखूनच.

आच्छादन म्हणजे झाडे लावणे असा जो सरसकट अर्थ वनमहोत्सवाच्या भाषणांतून केला जातो, त्याविषयी इथे दोन शब्द सांगणे भाग आहे. आठ-नऊ मीटर उंचीवरून पडणारा थेंब जमिनीवर येईतो आपला बहुतेक सारा वेग पुन्हा मिळवितो. आणि सागासारख्या रुंद पानाच्या झाडावर तर लहान थेंब एकवटून मोठे होऊन ठिबकतात. ज्या सागवनात पालापाचोळा जाळला जातो, खाली गवत-झुडूप उरत नाही, तिथली जमीन उघड्या माळाहून अधिक धुपते. रक्षण करतो तो पायाशी पडलेला पाचोळा आणि जमिनीला बिलगलेले गवत. हिवरे बाजार या गावात कुऱ्हाडबंदीच्या जोडीने चराईबंदी आणली गेली व गवत कापून नेण्यास मुभा ठेवली, यातले शहाणपण तिथे पाणी अडविण्यास खणलेल्या चरांच्या लांबी-रुंदीहून मोठे आहे. पण भेटीस जाणारी मंडळी छायाचित्रे चरांचीच काढतात.

बांध घालण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. ओघळीत आडवी ताल घालून तिच्यामागे साचलेल्या मातीत पीक घेणे दख्खनच्या कुणब्यास पूर्वापार ठाऊक होते, आणि 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी सरकारास अशी सूचनाच केली होती की फौजेतील व पोलिसांतील शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे बांधवून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास मिळेल. सरकारास ही गोष्ट पटावयास जवळजवळ साठ वर्षे लागली. मुंबई प्रांताचा जमीन सुधारणा योजनांचा कायदा 1942 साली झाला, त्यान्वये दुष्काळी जिल्ह्यांत समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली.

कल्पना शास्त्रशुद्ध होती. अडली ती जमाबंदीपाशी. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून 1836 च्या सुमारास जी रयतवारी मोजणी सुरू केली, तिने दख्खनच्या जमिनीचे सर्व्हे नंबर पाडले ते सारा आकारण्याच्या सोयीने. उताराचा विचार त्यात असण्याचे कारणच नव्हते. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा प्रत्येकास वरचे हलके व खालचे भारी असे दोन्ही मिळावे या न्यायबुद्धीने पट्ट्या पडल्या त्या वरून खाली. आणि अरुंद लांब पट्टीत औत लांबीनेच चालवावे लागत असल्यामुळे नांगराचे प्रत्येक तास पाण्याची आयती वाट होऊन बसले. अशा शिवारावर समपातळीची रेषा आखली की ती नागमोडी फिरत कोणाच्या शेताचा कोपरा तोडी, कोणाच्या शेतात तिरपी घुसे, आणि एकाच्या जमिनीवर पाणी तुंबवून दुसऱ्याची माती वाचवी. सरकारने हरकती ऐकल्या व बांध घातले. शेतकऱ्यांनी त्यांतले पुष्कळ पुढे दर नांगरटीस थोडेथोडे करून नाहीसे केले, आणि जो हद्दीवर पडला तेवढा जपला. शेतकरी हटवादी असतो असा शेरा यावर मारणे सोपे आहे. परंतु ज्याची जमीन बांधाखाली जाते त्यालाच बांधाचा लाभ होईलसे नाही, या गोष्टीचा निवाडा लेव्हलच्या दुर्बिणीतून होत नाही.

दुसरी अडचण खुद्द मातीची होती. हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध उत्तम काम करतो. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरते धिमे, त्यामुळे ते बांधामागे दिवसच्या दिवस तुंबून पीक पिवळे पडते. आणि त्याच मातीचा केलेला बांध उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा घेतो, त्यांतून पहिल्याच मोठ्या पावसाचे पाणी आत शिरून बांध फुटतो. फुटलेला बांध हा मुळीच नसलेल्या बांधाहून वाईट, कारण साचलेले सारे पाणी एका खिंडारातून धावते व जिथे पापुद्रा सरकला असता तिथे घळ पाडते. म्हणून अशा जमिनीत किंचित ढाळ देऊन पाणी हळूहळू गवताळ चरीवाटे बाहेर काढणारे बांध घालावे, असा धडा कालांतराने शिकला गेला.

1972 च्या दुष्काळात या साऱ्यास एक निराळेच परिमाण प्राप्त झाले. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग. त्या कामांनी माणसे जगविली, आणि त्यापुढे कोणतीही टीका लहान ठरते. तथापि त्या काळी रुजलेली एक सवय आजतागायत सुटलेली नाही. कामाचे मोल चौकडीच्या मापाने व ब्रासाने ठरते. जे खणले किंवा भरले त्याचीच नोंद मोजमाप-पुस्तिकेत होते, आणि ज्याची नोंद होते त्याचेच बिल निघते. एखाद्या टेकडीवर दोन वर्षे गुरे न सोडल्यामुळे जे गवत उभे राहिले, ते किती ब्रास भरले? त्याचा मुकादम कोण, त्याचे मस्टर कुठले? अंदाजपत्रकात बसत नाही म्हणून शंभरावा हिस्सा करणारा उपाय मागे पडतो, आणि निम्मे करणारा उपाय, पुढे जेसीबी आल्यावर तर अधिकच उत्साहाने, राबविला जातो. नाल्यांचे खोलीकरण करताना उपसलेली माती काठावरच लोटलेली आणि पुढल्याच पावसाळ्यात ती परत नाल्यात उतरलेली कोणत्याही तालुक्यात पाहावयास मिळते. धरणांतला गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने वाहून नेऊन शेतात पसरावा, ही 2017 सालची सरकारी योजना त्या मानाने समंजस होती, कारण त्यात माती निदान पुन्हा कोणाच्या तरी शेतास लागते. मात्र ती निघाली त्याच शेतास नव्हे.

शेतीविषयी इतके लिहिल्यावर बांधकामांकडे वळले पाहिजे, कारण शहरालगतच्या ओढ्यांत आज जी माती उतरते तिच्यात कुळवापेक्षा पोकलेनचा वाटा अधिक आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गॉर्डन वोल्मन यांनी 1967 साली बाल्टिमोरच्या परिसरातील नद्यांचा गाळ तपासून असे दाखविले की रान असताना जेवढी माती जाई त्याच्या शेकडो पटींनी ती बांधकामाच्या एक-दोन वर्षांत जाते, आणि इमारती, रस्ते व हिरवळी पुऱ्या झाल्यावर पुन्हा घटते. त्यांच्याच मेरिलँड राज्याने 1970 साली गाळनियंत्रणाचा कायदा केला. बांधकामाच्या जागी त्या समीकरणातील पाऊस सोडून बाकीच्या बहुतेक गोष्टी एकदम बिघडतात: झाड-गवत खरवडलेले, वरची जिवंत माती काढून खालचा मुरूम उघडा पाडलेला, यंत्रांच्या फेऱ्यांनी जमीन दडपलेली, उतार तासून उभा केलेला. शिवाय त्या मातीत पीक घ्यावयाचे नसल्यामुळे ती गेली तर कोणाचे पोट जळत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर कात्रज ओलांडल्यावर शिंदेवाडीजवळ 2013 च्या जूनमध्ये पावसाचा लोंढा थेट महामार्गावर येऊन मोटारीतील दोघींचे प्राण गेले, तेव्हा वरच्या डोंगरफोडीकडे व बुजविलेल्या ओघळींकडे सर्वांनी बोट दाखविले. मरण ओढवेपर्यंत त्या उतारावरून काय वाहते आहे हे कोणाच्या हिशेबात नव्हते.

हिशेबाचा प्रश्न इथेही तोच आहे. आपल्याकडे 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या इमारतींस आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि वरची माती जपून ठेवण्याची अटही त्या मंजुरीत असते. पण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून. अमेरिकेत 2003 पासून एक एकर जमीन उकरली तरी परवाना लागतो. एक कायदा मजले मोजतो, दुसरा उघडी पडलेली जमीन मोजतो. मजल्यांखालून माती वाहून जात नाही.

उपाय अवघड नाहीत, क्रमाने केले पाहिजेत इतकेच. सबंध डोंगर एका उन्हाळ्यात न तासता जेवढ्यावर पावसाळ्यापूर्वी काम संपेल तेवढाच तुकडा उघडावा. वरून येणारे पाणी कामाच्या जागेत शिरण्याआधीच माथ्याशी आडवा चर खणून बाजूच्या ओघळीस लावावे. ही एक गोष्ट केली तरी निम्मा चिखल टळतो. वरची माती वेगळा ढीग करून त्यावर ताग किंवा बाजरी फोकावी. तासलेल्या उतारावर काथ्याची जाळी खुंट्या मारून अंथरावी व तिच्यातून गवत वर येऊ द्यावे, म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांनी जाळी कुजते तोवर मुळांनी जागा धरलेली असते. वाळ्याच्या समपातळीवरील ओळी याच कामास फार उपयोगी पडतात, आणि त्यांस गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. उताराच्या पायथ्याशी कापडी कुंपण घालतात, त्याची खालची कड वीतभर खोल चरात पुरून माती दाबणे अत्यावश्यक असते, नाहीतर सारे पाणी कापडाखालून निसटते. पुष्कळ ठिकाणी बांधकामाभोवती जी हिरवी जाळी दिसते तिचा या कामाशी काडीइतका संबंध नाही. ती चिखल अडवीत नाही, फक्त झाकते.

सर्वांत शेवटी गाळाचे तळे. त्यात एक मीटर खोल उतरावयास बारीक वाळूच्या कणास दोनेक मिनिटे पुरतात, पण दोन सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणकणास तीन दिवसांच्या आसपास लागतात, आणि आपल्या काळ्या मातीत असे कण निम्म्याच्या घरात असतात. तेव्हा मुरमाच्या उतारावर तळे चांगले काम देते. काळ्या रानात त्याच्यावर भिस्त ठेवून वरची जमीन उघडी सोडणाऱ्या मक्तेदाराच्या तळ्यातून पाणी गढूळच बाहेर पडणार. तळे निम्मे भरले की उपसावे, पावसाळा संपण्याची वाट पाहू नये, आणि उपसलेला गाळ ओढ्याच्या काठावर न टाकता पहिल्या दिवशी बाजूस काढलेल्या मातीच्या ढिगाशेजारी न्यावा, कारण बाग करताना दोहोंची गरज लागणार असते. या उपशाची रक्कम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून आधीच लिहिलेली असावी. ती नसली तर तळे एकदाच खणले जाते.